मानपत्रे, आरक्षणे आणि हरकती : पुण्याच्या सभागृहाची वाटचाल

पुण्याला नगरपालिका मिळाली ती १८५७ साली, कंपनी सरकारच्या १८५० च्या कायद्याखाली. १५ फेब्रुवारी १९५० रोजी तिची महानगरपालिका झाली. महापालिकेला पंचाहत्तर वर्षे झाली असली, तरी पुणेकरांनी एकत्र बसून गावाचा कारभार चालवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिचा सगळा इतिहास एका लेखात मावणार नाही. पाणी, मैलापाणी, शाळा, दवाखाने, बसगाड्या यांतल्या प्रत्येकावर एकेक ग्रंथ होईल. या लेखापुरते सभागृहाचे दोनच व्यवहार घेतले आहेत. एक, गावाने कोणाचा मान करायचा, कोणाचे नाव कशाला द्यायचे, पुतळा कोणाचा उभारायचा. दुसरा, गावातल्या कोणत्या जमिनीवर काय व्हायचे. पहिल्या विषयावर भाषणे लांबतात. दुसरा विषय पुष्कळदा पाच मिनिटांत ‘उपसूचनेसह मान्य’ होतो, आणि शहराचा चेहरा मात्र त्यानेच ठरतो.

सुरुवातीच्या नगरपालिकेत सरकारने नेमलेले सभासद असत. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात असेच नियुक्त सभासद होते. फुले यांचे शिक्षणकार्य आणि सत्यशोधक समाज सर्वांना ठाऊक आहेत, पण नगरपालिकेतले फुले फारसे कोणी वाचत नाही. ते बांधकाम कंत्राटदार होते. दगड, चुना, मजुरी यांचा हिशेब त्यांना कोणाकडून शिकावा लागणार नव्हता. १८८० साली व्हाइसरॉयच्या पुणे भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव सभेपुढे आला. फुल्यांनी विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. बत्तीस सभासदांत विरोधात पडलेले मत त्यांचे एकट्याचे. ठराव अर्थातच मंजूर झाला. त्याच वर्षी शहरात दारूची दुकाने वाढत असल्याबद्दल त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून हरकत घेतली. वस्तीत कोणता धंदा चालावा आणि कोणता चालू नये, हा प्रश्न विकास आराखड्याचा शब्दही नसलेल्या काळात एका सभासदाने लेखी मांडला, ही नोंद नगररचनेच्या इतिहासात जायला हवी.

पुढे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण वाढले. याच काळात शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार हलवून शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधण्याचे ठरले. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नाव पडले ‘रे मार्केट’. एवढा पैसा इमारतीत घालण्याला फुल्यांचा विरोध होता. शाळांना पैसे नाहीत आणि बाजाराला लाखो रुपये कसे, हा त्यांचा सवाल. मंडई झाली, चांगली झाली, आजही उभी आहे. तरी सवाल चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही.

लोकमान्य टिळक १८९५ मध्ये नगरपालिकेवर निवडून आले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अध्यक्षपद सांभाळले, आणि नंतर ते न. चिं. केळकरांकडेही आले. देशाच्या राजकारणात एकमेकांसमोर उभे असलेले लोक गल्लीतल्या गटारासाठी याच सभागृहात बसत होते. प्लेगच्या साथीत १८९७ साली सरकारने रँड या अधिकाऱ्याची प्लेग समिती आणली आणि लोकनियुक्त नगरपालिका बाजूला पडली. निवडून आलेले सभागृह डावलून कारभार हाकण्याची पुण्याची ही पहिली मोठी आठवण. पुढे तिची पुनरावृत्ती वेगळ्या कारणांनी झाली. त्याकडे नंतर येऊ.

मानाच्या विषयातला खरा संघर्ष विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला. १९२० मध्ये टिळक गेले. नगरपालिकेने मंडईच्या आवारात त्यांचा पुतळा बसवला आणि १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. मग केशवराव जेधे यांनी विचारले, टिळकांचा पुतळा होतो, मग महात्मा फुल्यांचा का नको? जेधे ब्राह्मणेतर चळवळीचे तरुण पुढारी. १९२५ मध्ये त्यांनी ही मागणी नगरपालिकेत मांडली आणि सभागृह अक्षरशः दुभंगले. मागणी फेटाळली गेली. बाहेर वृत्तपत्रांतून, पुस्तिकांतून जी चिखलफेक झाली ती दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेपर्यंत आणि तिथून कोर्टापर्यंत गेली. ज्या माणसाने सहा वर्षे या नगरपालिकेचे काम केले आणि ज्याला ‘महात्मा’ ही पदवी १८८८ मध्ये मुंबईच्या जनतेने दिली, त्याला स्वतःच्या गावाची नगरपालिका मान द्यायला तयार नव्हती. संस्थेचा इतिहास लिहिताना अशी पाने वगळण्याचा मोह होतो. ती वगळली तर पुढचे पान कळत नाही.

पुढचे पान आचार्य अत्र्यांचे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अत्रे नगरपालिकेत निवडून आले. अत्र्यांच्या भाषणांना गॅलरी भरत असे, पण त्यांनी कामेही करून दाखवली. भांबुर्ड्याचे शिवाजीनगर आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई ही दोन नामांतरे त्यांच्या काळातली. ज्या इमारतीला फुल्यांनी हरकत घेतली तिलाच फुल्यांचे नाव लागले. यावर फुले स्वतः काय म्हणाले असते, हे सांगता येत नाही. बहुधा त्यांनी खर्चाचा आकडा पुन्हा एकदा विचारला असता. एवढे मात्र खरे की ‘रे मार्केट’ आज कोणाला आठवत नाही आणि ‘मंडई’ म्हटल्यावर आधी फुले आठवतात. नामांतर इतके रुजल्याची उदाहरणे पुण्यात थोडी आहेत. फर्ग्युसन रस्त्याला नामदार गोखल्यांचे नाव देऊन कैक वर्षे लोटली. पाटी बदलली, रिक्षावाले बदलले नाहीत. जेध्यांची मागणी फेटाळणाऱ्या शहरात आज स्वारगेटचा सर्वांत गजबजलेला चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो.

महापालिका झाल्यावर नामकरणाचे काम रीतसर झाले. पहिले महापौर बाबुराव सणस. त्यांच्या नावाचे मैदान सारसबागेजवळ आहे. मानपत्र द्यायचे असेल तर सभासद प्रस्ताव देतो, सूचक-अनुमोदक लागतात, पक्षनेत्यांच्या बैठकीत एकमत करून घेतात आणि मग विषय मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर येतो. रस्ते, चौक, उद्याने यांची नावे नाव समितीकडून येतात. या समितीच्या बैठकांना बाहेरचे लोक हसतात. वास्तविक एखाद्या वस्तीतल्या तालीम-मंडळाच्या वस्तादाचे, एखाद्या सुईणीचे किंवा हमालांच्या पुढाऱ्याचे नाव गल्लीच्या पाटीवर लागते, तेव्हा त्या वस्तीला गावाने दखल घेतल्यासारखे वाटते. त्यात हसण्यासारखे काही नाही. हसावे असे वाटते ते एकाच चौकाला दोन गटांनी दोन नावे सुचवल्यावर मधला मार्ग म्हणून चौकाचे एक आणि त्यातल्या वाहतूक बेटाचे दुसरे असे ठराव होतात तेव्हा.

महापालिकेने कलावंताचा केलेला सर्वांत मोठा मान मात्र कागदावरचा नाही. नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव द्यायचे ठरले, आणि भूमिपूजन त्यांच्याच हस्ते १९६२ मध्ये झाले. हयात कलावंताच्या हातून त्याच्याच नावाच्या रंगमंदिराची सुरुवात, असा योग विरळा. १९६७ च्या जुलैत बालगंधर्व गेले. २६ जून १९६८ रोजी रंगमंदिर उघडले, तेव्हा ते पाहायला नव्हते. या वास्तूच्या आखणीत पु. ल. देशपांडे यांचा वाटा मोठा होता. ती पाडून नवी बांधावी की आहे तशी ठेवावी, यावर गेली काही वर्षे वाद आहे. मान देण्याचा विषय इथे बांधकामाच्या विषयाला येऊन मिळतो.

आता जमिनीकडे वळू.

नगररचनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. त्याखाली भांबुर्डा, गुलटेकडी, संगमवाडी अशा नगररचना योजना पुण्यात आखल्या गेल्या. पेठांबाहेर, नदीपलीकडे आखीव रस्ते आणि चौकोनी भूखंड दिसतात, ते बहुतांशी या योजनांचे फळ. १९५४ च्या कायद्याने सबंध शहराचा विकास आराखडा करणे बंधनकारक झाले. तो तयार होत असतानाच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आधी पुण्याचे आयुक्त म्हणून काम केलेल्या स. गो. बर्वे यांच्याकडे पुनर्वसनाची जबाबदारी आली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहती त्यानंतरच्या. वाड्यांत दोन खणांत राहणारी कुटुंबे टेकड्यांच्या पायथ्याशी गेली आणि पुणे आडवे पसरायला सुरुवात झाली. बर्व्यांच्या नावाचा चौक शिवाजीनगरला, महापालिकेपासून हाकेच्या अंतरावर आहे.

पहिला विकास आराखडा १९६६ मध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. आज सभागृहात ‘सदतीसखाली’, ‘एकशेसत्तावीसची नोटीस’ असे जे शब्द कानावर पडतात, ते या कायद्यातले. ते समजून घेतल्याशिवाय महापालिकेची निम्मी भांडणे कळत नाहीत.

आराखड्याच्या नकाशावर निवासी भाग पिवळा, शेती व ना-विकास विभाग हिरवा. शाळा, मैदान, उद्यान, रुग्णालय, रस्ता यांसाठी राखलेल्या जागांवर आरक्षणाची खूण. एखाद्याची जमीन हिरव्यात पडली तर त्याला इमारत बांधता येत नाही. शेजारची पिवळ्यात पडली तर तिचा भाव कितीतरी पट होतो. रेघ कागदावर ओढलेली असते, पण तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसाचे नशीब वेगळे होते. म्हणून अर्ज येतात : आमची जमीन निवासी करा, आमचे आरक्षण उठवा, रस्त्याची आखणी सरकवा. मंजूर आराखड्यात असा फेरबदल करायचा तर कलम ३७ लागते. मुख्य सभेने ठराव करायचा, नोटीस काढायची, हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि प्रस्ताव सरकारकडे पाठवायचा. अंतिम मंजुरी सरकारची.

कलम १२७ ची गोष्ट वेगळी. आरक्षण टाकून दहा वर्षे झाली आणि महापालिकेने जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देतो. ठरलेल्या मुदतीत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. मैदाने, बागा अशाही गेल्या आहेत. ठराव नाही, चर्चा नाही, गॅलरीत गर्दी नाही. नुसता कालावधी उलटला. मालकाची बाजू यात खरी असते, त्याने जमीन तशीच ठेवून किती वर्षे बसावे? पण आरक्षण टाकताना टाळ्या घेणारे आणि पैशाची तरतूद न करणारे सभागृहच होते, हेही सांगायला हवे. १९९७ पासून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळू लागला. रोख रकमेऐवजी बांधकामाचा हक्क देऊन जागा ताब्यात घेण्याची सोय झाली आणि रस्तारुंदीच्या पुष्कळ जागा त्यामुळे मिळाल्या. तोच हक्क दुसऱ्या भागातल्या इमारतींवर मजले होऊन चढला, तेव्हा तिथल्या गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

दुसरा आराखडा १९८७ मध्ये मंजूर झाला. पुण्याची ओळख ज्या टेकड्यांवरून होते, पर्वती, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, त्यांचे माथे आणि उतार बांधकामापासून वाचवायचे की नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून ठसठसतो आहे. १९९७ साली आजूबाजूची ३८ गावे महापालिकेत आली. पुढे त्यांतली काही वगळून २३ उरली. या गावांच्या प्रारूप आराखड्यात टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्यान’ असे आरक्षण टाकण्यात आले : ९७८ हेक्टर. पुण्याच्या लोकांनी त्याचे लगेच ‘बीडीपी’ केले.

बीडीपीवर सभागृहात आणि बाहेर जे झाले, ते महापालिकेच्या इतिहासातले सर्वांत शिकण्याजोगे प्रकरण आहे. एका बाजूला जमीनमालक. त्यांत बडे होते तसे दोन-पाच गुंठेवालेही होते. ‘शहराला हिरवळ हवी, मग किंमत आम्हीच का द्यायची?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. काहींनी टेकडीच्या काही टक्के भागावर बांधकामाला परवानगी द्यावी, अशी मधली वाट सुचवली. ती दिसायला समजूतदार होती. पण टेकडीवर चार टक्के घर बांधायचे तर तिथवर शंभर टक्के रस्ता लागतो, हे त्या प्रस्तावात कोणी लिहिले नव्हते. दुसऱ्या बाजूला माजी महापौर वंदना चव्हाण, पर्यावरण कार्यकर्ते, रोज पहाटे टेकडी चढणारे सामान्य लोक. त्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, नकाशे छापून वाटले. मुख्य सभेने आरक्षणाच्या बाजूने ठराव केला आणि निर्णय मुंबईला गेला. तिथे तो वर्षानुवर्षे पडून राहिला. २०१५ मध्ये राज्य सरकारने बीडीपीला मान्यता दिली आणि मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर ठरवला. मालक म्हणतात हे फारच थोडे, आणि कार्यकर्ते म्हणतात ताबा कुठे आहे? दोघांचेही खरे. आरक्षण मंजूर झाले म्हणजे टेकडी वाचली असे नाही. मधल्या वर्षांत उतारांवर जी अनधिकृत घरे उभी राहिली, ती हटवायला कोणाची छाती होत नाही. तरीही, बाणेर-बावधनच्या डोंगरांकडे पाहताना आज जे मोकळे दिसते त्यामागे तो ठराव आहे.

जुन्या हद्दीच्या २००७-२०२७ या आराखड्याची कथा इतकी उजळ नाही. मुख्य सभेने तो २०१३ च्या सुरुवातीला मंजूर केला, पण मंजूर करताना असंख्य उपसूचना जोडल्या. आराखडा जाहीर झाला आणि हरकती आल्या ८७ हजारांवर. लोकांनी रांगा लावून अर्ज दिले. नियोजन समितीत स्थायी समितीचे सभासद आणि सरकारने नेमलेले तज्ज्ञ एकत्र बसले. त्यांचे एकमत झाले नाही, अहवालही दोन तऱ्हेचे झाले. मुख्य सभा अंतिम निर्णयापर्यंत पोचेना. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर केला. २००७ ला लागू व्हायचा आराखडा दहा वर्षे उशिरा आला. सरकारने शहराचा हक्क हिरावला, अशी ओरड तेव्हा झाली. प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे : हक्क सभागृहाच्या हातात होता तोवर त्याने तहकुबीत घालवला. शोकप्रस्ताव घेऊन सभा तहकूब करायची आणि अडचणीचा विषय पुढच्या महिन्यात ढकलायचा, ही पुण्याच्या मुख्य सभेची जुनी खोड. गेलेल्याला आदरांजली वाहायलाच हवी. पण ती वाहून उरलेले काम त्याच दिवशी करता येते.

दरम्यान शहर वाढतच राहिले. २०१७ मध्ये ११ गावे आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि पुणे महापालिका विस्ताराने मुंबईहून मोठी झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुढे स्वतंत्र नगरपरिषदेसाठी बाहेरही पडली. वाढत्या सभासदसंख्येसाठी नवे गोल घुमटाचे सभागृह बांधले. २१ जून २०१८ रोजी उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि नेमका पाऊस आला. कार्यक्रम चालू असतानाच छत गळले. पुणेकरांना पुढचे कित्येक दिवस दुसरा विषय नको होता.

त्या सभागृहात लोकनियुक्त सभासदांना बसायला मिळालेली वर्षे थोडीच. १४ मार्च २०२२ रोजी मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासकराज आले. मुख्य सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या सहीत सामावले. महापालिकेने पंचाहत्तरी पूर्ण केली तेव्हा तिला महापौर नव्हता. प्रशासकाच्या काळात कामे झाली नाहीत, असे नाही. काही तर झपाट्याने झाली. पण कोणत्या कामाला कोणाचा विरोध होता, हे कळायची सोय राहिली नाही, कारण विरोध नोंदवणारी सभाच नव्हती. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि मुख्य सभेला पुन्हा सभासद मिळाले.

नव्या सभासदांपुढे समाविष्ट गावांच्या आराखड्यांचे आणि कलम ३७ खालच्या फेरबदलांचे विषय येणारच. पुणेकरांनी त्यांच्या भरवशावर राहू नये. फेरबदलाची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून येते, साधारण महिन्याची मुदत असते, आणि नकाशा महापालिकेत कोणालाही पाहता येतो. हरकत द्यायला वकील लागत नाही, फी लागत नाही. साध्या कागदावर सर्व्हे नंबर, आपले म्हणणे आणि सही पुरते. आपल्या प्रभागाची पुढची नोटीस निघेल तेव्हा मुदत संपायच्या आत तो कागद आवक-जावक खिडकीत द्यावा आणि पोच मागून घ्यावी.